चॉपिंग बोर्ड कोणत्या लाकडाचा? वरून नको, टोकाकडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन घेतलेला ३८ × २५ × २ सेंमीचा चॉपिंग बोर्ड, वजन १ किलो २३० ग्रॅम. खोक्यावर 'अकेशिया' छापलंय, विक्रेत्याच्या वर्णनात 'शीशम' आहे, आणि घरी आलेला सुतार म्हणतो सागवान. रंग मधासारखा तपकिरी, मधल्या दोन पट्ट्या सायीच्या रंगाच्या. सोबत वरच्या बाजूचे दोन फोटो. हे लाकूड नेमकं कोणतं, आणि त्यावर भाजी चिरायला हरकत नाही ना?

वरच्या बाजूच्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे लाकूड सांगितलं तर त्यावर विसंबू नका. लाकडाचा रंग ऊन, तेल, पॉलिश आणि वयानुसार बदलतो. रेषांची नक्षी ओंडका कोणत्या दिशेने चिरला त्यावर ठरते. एकाच सागाच्या दोन फळ्या दोन वेगळ्या झाडांच्या वाटू शकतात. लाकडाची खरी ओळख असते ती टोकाच्या बाजूला, म्हणजे जिथे उभे तंतू आडवे कापले गेलेत तिथे. झाडाने पाणी वर नेण्यासाठी वापरलेल्या नळ्या तिथे छिद्रं म्हणून दिसतात. त्या छिद्रांचा आकार, त्यांची मांडणी आणि त्यांच्याभोवतीच्या फिकट पेशी रंगासारख्या बदलत नाहीत, आणि त्यांची नक्कल करणं कुणाला परवडत नाही.

भिंग हातात घेण्याआधी खोका आणि वजन यांवरून यादी लहान करून घ्या.

खोक्यावर आधी मूळ देश शोधा. पॅकबंद आयात मालावर तो छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे आणि तो पुष्कळ काही सांगून जातो. 'अकेशिया' या एका शब्दाखाली किमान तीन वेगळी लाकडं विकली जातात. व्हिएतनामचा माल असेल तर बहुधा लागवडीतला अकेशिया मँगियम, ऑरिक्युलिफॉर्मिस किंवा त्यांचा संकर. यातला ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणजे कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला, माळावर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. जोधपूरकडचा माल असेल तर 'अकेशिया' म्हणजे बहुतेक वेळा आपली देशी बाभूळ. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियन गटाकडे ठेवायचं ठरलं. त्यामुळे आपली बाभूळ आता व्हॅशेलिया आणि खैर सेनेगालिया, पण व्यापाराने जुनं नाव सोडलेलं नाही. फिलिपिन्समध्ये मात्र पर्जन्यवृक्षालाच 'अकेशिया' म्हणतात. मुंबईत रस्त्यांवर सावली धरणारा छत्रीसारखा रेन ट्री तो हाच. त्याचे बोर्डही याच नावाने जगभर जातात.

'शीशम' या शब्दाचाही असाच घोळ आहे. सहारनपूर-जोधपूरकडून येणारा शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू. मराठीतला शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, जांभळट काळ्या रेघांचं जुन्या पलंग-कपाटांचं लाकूड. दोघं भावंडं असली तरी लाकडं वेगळी आणि भावातही मोठा फरक. स्वस्तातल्या बोर्डावर 'शिसवी' लिहिलं असेल तर तो जास्तीत जास्त शीशम असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

आता वजन. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि ग्रॅममधल्या वजनाला त्याने भागा. तुमच्या बोर्डाचं आकारमान १९०० घनसेंमी. रस अडवायची खाच, गोल केलेल्या कडा आणि अडकवायचं भोक यांचे साधारण ३ टक्के वजा केले की १८४० उरतात. १२३० भागिले १८४० म्हणजे घनता ०.६७.

इथली नेहमीची चूक जाडीची असते. जाहिरातीत २ सेंमी लिहिलेला बोर्ड पुष्कळदा १.८ भरतो. हे २ मिलिमीटर म्हणजे घनतेत थेट १० टक्क्यांची चूक, आणि तेवढ्याने लाकूड बदलतं. म्हणून पट्टी लावून तीन ठिकाणी मोजा. नुकता धुतलेला किंवा पावसाळ्यात ओट्यावर राहिलेला बोर्ड पाणी धरून असतो आणि काही टक्के जड भरतो. चारेक दिवस पंख्याखाली उभा ठेवून मग वजन घ्या.

कोरड्या लाकडांची घनता साधारण अशी धरा. शीशम आणि देशी बाभूळ ०.७५ ते ०.८५, कडुनिंब ०.६५ ते ०.८०, बीच (युरोपातलं एक लाकूड) ०.७०च्या आसपास, साग ०.६० ते ०.७०, ऑस्ट्रेलियन बाभूळ ०.६० ते ०.७५, आंबा ०.५५ ते ०.७०, रबरवुड (रबराच्या झाडाचं लाकूड) ०.५६ ते ०.६६, मँगियम आणि पर्जन्यवृक्ष ०.५० ते ०.६०, पाइन ०.५च्या आगेमागे. तुमच्या मापाचा बोर्ड शीशमचा असता तर १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरला असता. देशी बाभळीचाही जवळपास तेवढाच. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्या लाकडाची करत, ते हलकं असून कसं चालेल! जाडी बरोबर मोजली असेल, तर शीशम आणि देशी बाभूळ यादीतून जवळजवळ गेली. साग, ऑस्ट्रेलियन बाभूळ, आंबा आणि कडुनिंब मात्र चारही ०.६७ला बसतात. वजन एवढंच सांगू शकतं. पुढचं काम भिंगाचं.

सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसं १० पटीचं भिंग पुरेसं आहे. फोनला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. बोर्डाची जी आखूड कड आहे, जिथे पट्ट्यांच्या रेघा संपून ठिपके दिसायला लागतात, ती टोकाची बाजू. तिथे खालच्या कोपऱ्यालगत २ सेंमी लांबीची जागा निवडा, वापरात ती डोळ्यांवर येत नाही. कारखान्यातली करवत तिथले तंतू चिरडून ठेवते आणि वर तेल-मेणाचा थर असतो, म्हणून तशीच कड बघितली तर नुसता तपकिरी चिखल दिसतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थर काढा, मग २४०, ४०० आणि शेवटी ६००. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत चालवायचा. हार्डवेअरच्या दुकानात चारही पेपर सुटे मिळतात. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटाने घासलं की मऊ भाग खोल जातो आणि पृष्ठभाग लाटेसारखा होतो. घासताना तोंडाला मास्क हवाच, शीशम-शिसवाच्या भुशाने काहींच्या त्वचेला आणि नाकाला चांगलाच त्रास होतो.

दुसरी पद्धत ब्लेडची. जागा ओली करा, दोन मिनिटं थांबा आणि नव्या कोऱ्या ब्लेडने कागदासारखी पातळ चकती तिरकी कापा. ब्लेड स्वतःकडे ओढू नका. एक-दोन कापांनंतर धार जाते, मग नवं ब्लेड घ्या. मऊ लाकडांना ही पद्धत उत्तम. शीशम-बाभळीसारख्या कठीण लाकडांना पॉलिश पेपरच बरा.

पेपरने घासल्यावर सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो भुशाचा. बारीक पांढरट भुसा छिद्रांत बसतो आणि तिथे पांढरा साका आहे असं वाटतं, किंवा फिकट कडी आहेत असं वाटतं. जुन्या टूथब्रशने छिद्रं झाडा, जोरात फुंकर मारा आणि मग ओल्या फडक्याने एकदा पुसून ओलसर असतानाच बघा. ओल्या लाकडावर फिकट-गडद फरक जास्त उठून दिसतो.

सागात वाढीचं प्रत्येक वलय एका ओळीतल्या मोठ्या छिद्रांनी सुरू होतं. ती भिंगाशिवायही दिसतात. मग वलय संपेपर्यंत छिद्रं लहान आणि विरळ होत जातात. काही छिद्रांत पांढरट किंवा पिवळसर साका दिसेल. ही मोठ्या छिद्रांची ओळ म्हणजे सागाची सही. घासलेल्या जागेला लगेच नाक लावा, जुन्या चामड्यासारखा वास येतो. बोट फिरवलं तर किंचित मेणचट लागतं, पण बोर्डाला आधीच तेल लावलेलं असेल तर या खुणेला अर्थ नाही.

अकेशियात अशी ओळ नसते. छिद्रं सगळीकडे साधारण सारखी विखुरलेली असतात आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट पेशींचं कडं असतं. देशी बाभळीत हे कडं जाड आणि ठळक, एखादा डोळा काढल्यासारखं. ऑस्ट्रेलियन जातींत ते बारीक, पण ओल्या पृष्ठभागावर नक्की दिसतं. पर्जन्यवृक्षात छिद्रं मोठी आणि कडी दोन्ही बाजूंनी टोकदार, शंकरपाळ्यासारखी. मँगियम आणि ऑरिक्युलिफॉर्मिस मात्र भिंगाने एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. त्यांच्यात फरक सांगायचाच तर वजनावरून अंदाज करावा लागतो, आणि संकर असेल तर तोही फसतो.

शीशममध्ये छिद्रांजवळच्या फिकट पेशी पंखासारख्या पसरून एकमेकांना जुळतात आणि नागमोडी बारीक पट्टे तयार होतात. काही छिद्रांत गडद डिंक भरलेला असतो. शीशमची आणखी एक खूण आहे, आणि ती बघण्यासाठी टोकाकडे जावंही लागत नाही. बोर्डाच्या वरच्या बाजूला, जिथे नक्षी डोंगरासारखी कमानदार दिसते तिथे १ सेंमी जागा ६०० नंबरपर्यंत घासा, ओली करा आणि भिंगाने बघा. तंतूंना काटकोनात अतिशय बारीक, समांतर आडव्या लहरी दिसतील, वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशा. साग, अकेशिया, आंबा यांत त्या नसतात. लहरी दिसल्या तर डालबर्जियाची, म्हणजे शीशम-शिसवाच्या गटाची, शक्यता एकदम वाढते. दिसल्या नाहीत तर मात्र दुसऱ्या पट्टीवर परत बघा, कारण पट्टी वेगळ्या दिशेने चिरलेली असेल तर त्या लपतात.

आंबा फसवा आहे. त्याच्याही मोठ्या छिद्रांना पंखासारखी फिकट कडी असतात, त्यामुळे अकेशिया समजून गल्लत होते. पण आंब्यात कडेचं फिकट लाकूड आणि गाभा यांत स्पष्ट सीमा नसते. रंग पिवळट करडा, मध्येच बुरशीने काढलेल्या काळसर रेघा, आणि नखाने जोरात दाबलं तर खूण उमटते. अकेशियात मात्र गाभा तपकिरी, बाहेरचं लाकूड साय-पिवळं आणि दोहोंत चाकूने कापल्यासारखी रेघ.

तुमच्या बोर्डाबद्दल मत द्यायचं तर ते इथेच. सायीच्या रंगाच्या पट्ट्या, त्यांची तपकिरी लाकडापासूनची तीव्र सीमा (वरच्या फोटोतून विश्वासाने घेता येण्यासारखी हीच एक गोष्ट) आणि ०.६७ घनता मिळून लागवडीतला अकेशिया, त्यातही ऑरिक्युलिफॉर्मिस किंवा संकर, सर्वांत जास्त संभवतो. सागाची शक्यता उरते, कारण सागालाही बाहेरचं लाकूड फिकट असतं. टोकाला मोठ्या छिद्रांची ओळ दिसली तर सुतार बरोबर, छिद्राछिद्राभोवती कडी दिसली तर खोका बरोबर. विक्रेत्याचं 'शीशम' मात्र वजनातच अडकतं. निदान तीन पट्ट्यांची टोकं तपासा. जोडपट्टीच्या बोर्डात प्रत्येक पट्टी वेगळ्या झाडाची असू शकते, कधीकधी वेगळ्या जातीचीही.

इतर बोर्ड झटकन ओळखता येतात. रबरवुड फिकट गव्हाळ असतं, त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने मारल्यासारख्या आखूड तपकिरी रेघा आणि पट्ट्यांच्या टोकांना करवतीच्या दातांसारखे सांधे. त्याच्या टोकाला आडव्या-उभ्या रेघांची बारीक जाळी दिसते. युरोपातून येणाऱ्या बीचमध्ये छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पण गुलाबट पृष्ठभागावर तिळाएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या तपकिरी रेषा असंख्य असतात. पाइनला छिद्रंच नसतात, नुसते फिकट-गडद पट्टे आणि राळेचा वास. बांबूच्या टोकाला गडद ठिपके दाटीने दिसतात आणि वर पेरांच्या आडव्या रेघा. तपकिरी बांबू वाफेने भाजलेला असतो, वेगळी जात नव्हे. फणस ताजा घासला की हळदीसारखा पिवळा निघतो आणि काही दिवसांत तपकिरी होतो.

खरी फसवणूक होते ती रंगवलेल्या रबरवुडमध्ये. सागवानी किंवा शीशमचा रंग चढवून तेच विकलं जातं. पांढऱ्या कापसावर स्पिरिट किंवा थिनर घेऊन खालच्या बाजूला अर्धा मिनिट घासा. कापसावर पिवळट छटा आली तर ते लाकडातलं नैसर्गिक द्रव्य किंवा तेल असू शकतं, ठळक तपकिरी किंवा लालसर रंग आला तर तो डबीतला. अडकवायच्या भोकाच्या आतली भिंतही बघा, रंग तिथे नीट पोचत नाही.

एक रासायनिक चाचणी आहे, पण आधार म्हणूनच वापरा. झिंकचा मुलामा नसलेले दोन लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये दिवसभर ठेवा आणि त्या पाण्याचा एक थेंब भोकाच्या आत सोडा. बाभूळ-अकेशियाच्या गाभ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, तिथे डाग काही मिनिटांत काळपट होतो. रबरवुड आणि आंबा फार तर करडे पडतात. हा डाग निघत नाही, म्हणून वरच्या बाजूला थेंब टाकू नका. बाभळीच्या बोर्डावर ओला लोखंडी चाकू राहिला की निळसर काळा डाग पडतो, त्याचं कारण हेच. तो बुरशीचा नसतो. चव घेऊन कडुनिंब ओळखायला मात्र जाऊ नका, पॉलिशमध्ये काय आहे ते जिभेला कळत नाही.

भाजी चिरायची का, तर अकेशिया असो वा साग, खुशाल चिरा. धोका लाकडापेक्षा थराचा असतो. काचेसारखं चकाकणारं जाड वॉर्निश सुरीने कापलं जातं आणि त्याचे कपचे भाजीत येतात. असा थर असेल तर वरची बाजू घासून काढा आणि खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल लावा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते चिकट होऊन खवट वास धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेलही नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. रबरवुडला कीड लागू नये म्हणून कारखान्यात बोरॉनच्या क्षारांत मुरवतात, त्यामुळे नवा बोर्ड दोन-तीनदा धुऊन, वाळवून मग वापरायला घ्या. सागात सिलिका असते, सुरी लवकर बोथट होईल एवढंच. तुमच्या बोर्डातल्या सायीच्या पट्ट्यांवर मात्र लक्ष ठेवा. बाहेरच्या लाकडात पिष्ट असतं आणि भुंगेरे तिथेच शिरतात. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो बोर्ड स्वयंपाकघरातून लगेच बाहेर काढा.

लेखी खात्री हवी असेल, म्हणजे मोठी खरेदी किंवा तक्रार असेल, तर देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बंगळूरची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था शुल्क घेऊन लाकूड ओळखून देतात. त्यासाठी बोर्डाचा तुकडा कापून द्यावा लागतो, आणि अहवाल पुष्कळदा 'अकेशिया प्रजाती' एवढ्यावरच थांबतो. एका घरगुती बोर्डासाठी तेवढा खटाटोप नको. टोकाची जागा ६०० नंबरपर्यंत घासून, झाडून, ओली करून शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, तिरक्या उजेडात जवळून दोन फोटो काढा आणि पाठवा. सोबत तीन ठिकाणी मोजलेली जाडी लिहा.